समासबाई

समासबाई पडद्यावर प्रोग्राम कधीच वाचत नसत. साकोलीच्या कॉलेजात त्या आम्हाला प्रोग्रामिंग शिकवायच्या. "चालतो मॅडम," म्हणत कुणी संगणकाकडे बोट दाखवलं की त्या हात पुढे करायच्या, "चालते तं चालू दे. मले छापून दे." कागदावर डावीकडे तीन बोटं समास नसला तर तो न वाचताच परत. म्हणून हे नाव. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

छापण्याचे त्यांचे नियम होते. प्रत्येक ओळीला क्रमांक. संगणकभाषेचे ठरलेले शब्द ठळक, आपल्या टिपा तिरप्या अक्षरात. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. आमचं खरडलेलं त्यात घातलं की कंसांप्रमाणे ओळी आत-बाहेर सरकून देखणं पान बाहेर यायचं. मी कागद वाचवायला मधल्या रिकाम्या ओळी काढून टाकायची. "राहू दे नं वं," त्या म्हणायच्या, "वाचणाऱ्याले दम घ्यायले जागा पाह्यजे."

मला हा नुसता सोस वाटायचा. शेवटच्या वर्षी मी आमच्या एकोडीच्या तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम केला. कोणाच्या धानाच्या बांधीला कोणत्या दिवशी पाणी, याची यादी. गावाने ती त्या हंगामात वापरायचं कबूल केलं होतं. मी दहा नावं घालून पाहिली, यादी बरोबर आली. तरी बाईंनी छापायला लावलंच.

पान घेऊन त्या बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसल्या. "हे ओळ आत काहून गेली?"

"तुमच्याच प्रोग्रामनं सरकवली असेल, मॅडम."

"तो आपल्या मनानं नाही सरकवत. तू कंस जिथं बंद केला, तिथंच आहे ते. आता वाच."

मी वाचलं आणि चूक दिसली. एका दिवसात न मावलेली नावं दुसऱ्या दिवशी ढकलणारी ती ओळ, एखादी पाळी रद्द झाली तरच चालणार होती. दहा नावांत कुणी उरतच नव्हतं. पण सगळ्या गावाची नावं घातली असती, तर तलावापासून लांबच्या बांध्या यादीतून गळल्या असत्या. त्यांतली एक शेजारच्या काकूंची होती.

बाई रागावल्या नाहीत. "मशीन कायबी मुकाट्यानं वाचते," एवढंच म्हणाल्या.

पुढे मी पुण्याला नोकरीला लागले. काचबिंदूने बाईंची नजर गेली, त्या बपेऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. दिवाळीत मी भेटायला गेले, तेव्हा माझं काम छापून नेलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या. अर्ध्या पानावर त्यांनी मला थांबवलं. "इथं घाई केली तू. काय लपवून राहिली?"

तिथे मी खरोखरच एक तात्पुरतं ठिगळ लावून ठेवलं होतं. ऑफिसात ते कुणालाच दिसलं नव्हतं.

"दुरुस्त कर, मग ये."

दुरुस्त करायला मला चार महिने लागले. होळीनंतर जायचं ठरवलं होतं. त्याआधीच त्यांच्या भावाचा फोन आला. बाई गेल्या होत्या.

मी नवीन पानं घेऊनच बपेऱ्याला गेले. भाऊंनी ती उलटसुलट पाहिली. "मले तं यातलं काही समजत नाही, पोरी," ते म्हणाले. मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाले, "पण तिच्यासाठीच आणले नं? वाच."

मी वाचलं. ते शेवटपर्यंत ऐकत बसले.