तमालपत्रातली कण्हेर

हे आजवर माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्यालाही नव्हतं — तो वारला, शेवटपर्यंत त्याला कळलं नाही. पण आधी माझ्या मोठेपणाची गोष्ट ऐका. ती खरी आहे, आणि सांगताना मला अजूनही स्फुरण चढतं!

निजामाच्या अंमलात गेवराईला आमचं मसाल्याचं दुकान होतं. नणंदेचं लग्न. दीडशे पानं मांडलेली, भाताचा हंडा उतरायच्या बेतात — आणि मी, कालची सून, सासऱ्यांसमोर, व्याह्यांसमोर ओरडले, ‘भात वाढू नका! त्यात कण्हेर हाय!’

मामंजींनी भातातलं पान काढून उजेडात धरलं. तमालपत्राला देठापासून तीन शिरा असतात, कण्हेरीला मधोमध एकच. वाळल्यावर कोण एवढं बघतं? हंडा खड्ड्यात ओतला. पंगत पिठलं-भाकरीवर उठली, पण जिवंत उठली! व्याह्यांनी भर मांडवात मला नारळ दिला. लग्न माझंच असल्यासारखी मी मिरवले.

पण मला कळलं कसं — हे कुणी का नाही विचारलं?

कण्हेर म्हणतात ती तरी एकच कुठे आहे? तांबडीचं झाड निराळं, पिवळीचं निराळं. नाव एक आणि विष दोन्हींत. आमच्या परसात तांबडी होती. खरजेच्या तेलासाठी तिची पानं वाळत घातली होती — मीच. एका सुपात, थोरल्या जाऊबाई अक्कांच्या तमालपत्राच्या सुपाशेजारी. लग्नाच्या गडबडीत एक सूप हवं होतं. मी हाताला लागलेलं सूप शेजारच्या सुपात ओतलं. बघितलंसुद्धा नाही. पंगतीची पानं मांडताना माझी कण्हेर आठवली — शोधायला गेले, तर जागेवर नव्हती.

पाहुणे गेल्यावर मामंजींनी विचारलं, ‘मसाला कुणी निवडला?’

‘मीच,’ अक्का म्हणाल्या. ‘माझ्या डोळ्याला दिसलं न्हाई.’

बोलायला मला वेळ नव्हता का? होता, भरपूर होता. मी नारळ पोटाशी धरून उभी राहिले.

अक्कांनी पुन्हा कधी मसाल्याला हात लावला नाही. तो कारभार माझ्याकडे आला, आणि मी तो गाजवला — चकलांब्याहून लोक माझ्या हातचा मसाला मागत यायचे! जगल्या तोवर अक्का आल्यागेल्याला सांगायच्या, ‘हिनं वाचवलं समद्यांला. न्हाईतर माझ्या हातनं लई मोठा घात झाला आसता.’

मी मान खाली घालायचे का? छे. उभी राहून ऐकायचे. आणि मला ते फार आवडायचं.