मागच्या दाराची सुई

"तुमचं रक्तच घाण. सुई काय करणार त्याला?"

डॉक्टर माझ्या आईला असं म्हणाला आणि आईने मान डोलावली. माझा थोरला भाऊ अंगणात पालथा पडला होता. कमरेखाली हिवतापाची सुई टोचलेली जागा सुजून पिकली होती, पू वाहत होता. डॉक्टरने काठीच्या टोकाने फडकं बाजूला केलं आणि लांबूनच बघितलं. मी माश्या हाकत होते. दहा-अकरा वर्षांची असेन.

शहापूरच्या बाजारातला दवाखाना. पुढच्या खोलीत बाकं होती. आमची जागा मागच्या अंगणात, मोरीच्या पाण्याशेजारी. आम्ही महारवाड्यातली, डोळखांबकडचे कातकरी, सगळे एका ओळीत. सगळ्यांना मिळून एकच सुई. खिळ्याला एक चिंधी टांगलेली असे. एकाला टोचली की डॉक्टर त्या चिंधीने सुई पुसायचा आणि पुढच्याला टोचायचा. म्हाताऱ्याच्या गळवाला लागलेली तीच चिंधी, तान्ह्या पोरालाही तीच.

आम्हाला टोचून झालं की हात धुवायचा. साबणाने, कोपरापर्यंत. आम्हाला टोचण्याआधी त्याने हात धुतलेले मी कधी पाहिले नाहीत. आम्ही निघालो की पायरीवर पाणी शिंपडायचा. सगळी स्वच्छता त्याला आमच्यापासून वाचवायला. आम्हाला त्याच्यापासून वाचवायला काहीच नव्हतं.

अंगणातून खिडकी दिसायची. आत स्टोव्हवर पितळी पातेलं, त्यात पुढच्या खोलीतल्यांची सुई उकळत असे. मला वाटायचं, मोठ्या घरच्या माणसांना गार सुई सोसत नसेल, म्हणून ऊन करतात. आंघोळीला ऊन पाणी त्यांना मिळतं, आम्हाला मिळत नाही, तसंच हे. मला त्याचा रागसुद्धा आला नव्हता.

भाऊ वाचला, पण पाय आखडला तो कायमचा. लावणीच्या दिवसांत सगळे चिखलात उतरायचे आणि हा बांधावर बसून राहायचा. लोक त्याला लंगड्या म्हणायचे.

आणि ते वाक्य माझ्या अंगात राहिलं. विळा लागून बोट कापलं तर मी रक्त लपवायचे. लग्न झालं, दिवस गेले, तेव्हा तर भीतीने झोप उडाली. वाटायचं, माझं हे घाण रक्त पोटातल्या जिवाला जातंय. कुणाला सांगणार? नवऱ्यालाही बोलले नाही.

लग्नानंतर आम्ही दोघं कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर खडी फोडायचो. एकदा दगडाची कपची तळहातात घुसली. मुकादमाने रेल्वेच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या नर्सबाईने मला बाकावर बसवलं, स्टोव्ह पेटवला आणि सुई पाण्यात टाकली.

मला लाजल्यासारखं झालं. म्हटलं, "बाई, मला गार चालंल. मी काय मोठ्या घरची नाय."

तिने स्टोव्हला आणखी पंप मारला. मग म्हणाली, "अगं, ऊन व्हावी म्हणून नाही उकळत. एकाच्या अंगातला रोग दुसऱ्याच्या अंगात जाऊ नये म्हणून."

नाही उकळली तर काय होतं, असं मी विचारलं. जागा पिकते, म्हणाली. पाय जातो. कधी माणूससुद्धा जातं.

कपची निघाली ती मला कळलीही नाही. बाहेर पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. रक्त घाण नव्हतं. सुई घाण होती. आणि त्याला ते ठाऊक होतं! पुढच्या खोलीसाठी रोज उकळत होता, म्हणजे ठाऊक होतंच. तरी माझ्या आईच्या तोंडावर आमचं रक्त घाण म्हणाला. रडू थांबलं आणि जो राग आला तो आजवर गेलेला नाही.

पुढे दिवाळीनंतर मी माहेरी आले आणि माझ्या पोराला थंडी वाजून ताप भरला. आई आम्हाला त्याच डॉक्टरकडे घेऊन गेली. तेच अंगण. तोच खिळा, तशीच चिंधी. पोर मांडीवर फणफणत होतं. डॉक्टरने शेजारच्या बाईला टोचलं, सुई पुसली आणि माझ्या पोराकडे वळला. मी पोराचा दंड पदराखाली घेतला.

"सुई उकळा," मी म्हटलं.

"गप ऱ्हा गो," आई कुजबुजली. "तो आपल्याला टोचतो ह्याच लय झाला."

तुला कुणी शिकवलं हे, असं डॉक्टरने विचारलं. मी म्हटलं, कसाऱ्याला बघितलं. तो हसला. "तुमच्या रक्ताची सुई माझ्या पातेल्यात टाकू? पुढच्या खोलीतल्यांना काय सांगू मग?"

माझ्याजवळ पेजेसाठी आणलेलं जर्मनचं पातेलं होतं. मी तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, घरून आणलेलं प्यायचं पाणी त्यात ओतलं आणि चूल पेटवली. म्हटलं, हे माझं पातेलं, ह्यात टाका. डॉक्टर पायरी उतरला आणि त्याने पातेल्याला लाथ मारली. पाणी त्याच्या पायावरून गेलं, चूल विझली, पातेल्याला पोचा पडला.

"भावाचा पाय तुमी घेतला," मी म्हटलं. "पोराचा दंड नाय देनार."

पोराला पाठीशी बांधून निघाले. आई रस्ताभर बोलत होती, पोर गेलं तर तुझ्या डोक्यावर. मी घाबरले होते. आसनगावला गाडी धरून कसारा गाठलं, नर्सबाईने औषध दिलं आणि पोर बरं झालं. पण मी सुटले असं मला वाटलं नाही. मी उठून आले तेव्हा माझ्यामागच्या ओळीने मुकाट्याने दंड पुढे केले होते. त्यांना कसाऱ्याला ओळखीचं कोण होतं? महिन्याभरात त्या शेजारच्या बाईचा हात पिकला.

मी परत गेले. पोर आजारी नव्हतं, मीही नव्हते. पोचा पडलेलं पातेलं घेतलं, भावाला बरोबर घेतलं. त्याच अंगणात दगड मांडले. भाऊ लंगडत ओळीतून फिरला, एकेकाला पाय दाखवला आणि सुई कशाने घाण होते ते सांगितलं. काहींनी तोंड फिरवलं. काहींनी दंड झाकून घेतले.

डॉक्टर दारात आला. त्याने पातेल्याकडे बघितलं.

मागच्या खेपेला पाणी कोमट होतं. या खेपेला खळखळून उकळी फुटेपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं. आता मी उभी राहिले आणि म्हटलं, "सुई टाका, नायतर मारा लाथ."