लॉर्नाने वर न पोचवलेली काजळी

लॉर्ना थिबोडो कागदगिरणीत जनसंपर्काचं काम बघायची. बाप त्याच गिरणीत राबलेला. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधल्या त्या नदीकाठच्या गावात तिला परकं कुणी नव्हतं. जिभेवर साखर. तावातावाने आलेला माणूस तिच्याशी बोलून हसत घरी जायचा. गावाचं म्हणणं साहेबांच्या कानावर घालायचं आणि साहेबांचं गावाच्या, यासाठीच गिरणीने तिला ठेवलं होतं.

साहेबांचं ती गावाला चोख सांगे. उलट्या बाजूला मात्र कच खाई. गावाच्या बैठकीहून परतल्यावर गिरणीचे व्यवस्थापक व्हिटलॉक साहेब विचारत, "काय म्हणतंय गाव?" तिच्या तोंडून निघे, "ठीक आहे सगळं, साहेब." रोज उठून कटकटी सांगणारी बाई कुणाला आवडणार?

त्या वसंतात कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये बैठक होती. व्हिटलॉक साहेब पहिल्यांदाच आले, न सांगता, आणि मागच्या खुर्चीवर बसले. ओझियास कॉर्मिए उभा राहिला. लॉर्नाच्या माहेरचा शेजारी. लहानपणी तिला बर्फावर स्केटिंग त्यानेच शिकवलेलं.

"पोरी, मागं मी गिरणीच्या काजळीचं बोललो होतो. चादर दोरीवर टाकली की काळे ठिपके. आमच्या हिचा, एल्मीरचा, दमा वाढलाय. साहेब लक्ष घालतायत म्हणालीस. काय झालं त्याचं?"

"साहेबांच्या डोक्यात आहे ते, काका. जरा दम धरा."

मागून खुर्ची सरकली. "कसली काजळी?" व्हिटलॉकनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. "मला तर कुणी बोललं नाही."

 मग खिडकीजवळची एक बाई म्हणाली, "म्हणजे आम्ही इतके दिवस भिंतीशी बोलत होतो?"

 लॉर्नाचे कान तापले. दम्याने धापा टाकणाऱ्या बाईच्या नवऱ्याला आपण दम धरायला सांगितलं, हे तिला तेव्हा कुठे ऐकू आलं. ओझियास खाली बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. एल्मीरने दार उघडलं, श्वास सावरला.

"काकू, मी सांगितलंच नव्हतं."

"ते कळलं आम्हाला."

"साहेबांना वाईट वाटेल म्हणून..."

"आणि आमचं काय गं? तू आपली, म्हणून तर आम्ही दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही."

एल्मीरने चहा ठेवला, काकवीची बिस्किटं पुढे केली. घरी आलेल्याला ती तसंच पाठवत नसे. लॉर्नाने एक तुकडा मोडला आणि बशीतच ठेवला.

धुराड्यातली काजळी अडवणारी जाळी फाटली होती. साहेबांनी ती बदलायला लावली आणि पंधरवड्यात काजळी थांबली. एवढंसं काम होतं! तेच लॉर्नाला जास्त लागलं. साहेबांनी तिला काढलं नाही. एवढंच म्हणाले, "मला उत्तर देता आलं असतं. तू प्रश्नच येऊ दिला नाहीस."

आता ती गावाचा शब्द न् शब्द वर नेते, शिव्यांसकट. साहेबांचं उत्तरही तसंच खाली आणते. लोक अजून तिच्याशी बोलतात. पण बोलून झालं की विचारतात, "नक्की सांगशील ना?"

"सांगेन," ती म्हणते. तेवढा वेळ तिची मान खाली असते.