मामंजींच्या नावाचं शब्दकोडं

माझे सासरे शब्दकोडं घालायचे. पुण्यातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, स्वतःच्या नावानं, कित्येक वर्षं. शाळेतून निवृत्त झाल्यावर अपमान करायला हक्काचा वर्ग उरत नाही. मामंजींना ती सोय कोड्यात मिळाली.

त्यांची शोधसूत्रं आमच्या शनिवार पेठेत लोकांना पाठ असत. 'सुलटा पेल्यात, उलटा गळ्यात' म्हणजे रस, कारण उलटवला की मोत्यांचा सर. हे मलाही आवडायचं. पण मी आईकडे चार दिवस जास्त राहिले, तर पुढच्या महिन्यात छापून आलं, 'आई आणि गुप्तचर एकत्र आले की बायका तिथे पळतात (३)'. मा आणि हेर, माहेर. आमटीत मीठ कमी पडलं तर 'आमच्याकडचा नित्याचा अनुभव (३)', उत्तर अळणी. वाचणाऱ्यांना गंमत वाटे, आणि कुणाला उद्देशून आहे ते घरात बरोबर पोचे.

दर रविवारी नऊ वाजता त्यांचे तीन मित्र आपापला अंक आणि पेन्सिल घेऊन आमच्या बाहेरच्या खोलीत येत. तिघेही निवृत्त. कोडं त्यांनी सोडवायचं आणि मामंजींनी खुर्चीत बसून फक्त 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं. तिसरा शब्द नाही. 'नाही' आलं की मुकाट्यानं खोडरबर फिरायचं. घालणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मामंजींची सगळी पत त्या दीड तासात होती. एरवी आठवडाभर त्यांना विचारतो कोण?

एकदा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तेव्हा तिघांपैकी हेडमास्तर होते ते मोठ्यानं वाचत होते, 'फळ न धरणारी, दोन अक्षरं.' त्यांनी लिहिलं, विचारलं, 'वांझ?' मामंजी म्हणाले, 'आहे.' माझा दुसरा गर्भपात होऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मी बशा ठेवल्या. कुणी मान वर केली नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की कोडं आहे ते, त्यात घरचं काय बघतेस.

मी तेव्हापासून त्यांचा द्वेष करत आले. ते सांगायला मला आता लाज वाटत नाही.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रकाने आखायला मी बसू लागले. ते सांगत, मी लिही. हळूहळू ते सांगता सांगता थांबायला लागले. एकच शब्द दोनदा घालत. एक दिवस अर्धी चौकट कोरी ठेवून झोपून गेले. ती मी पुरी केली. नंतरनंतर सगळंच मी करू लागले आणि दर मंगळवारी चालत जाऊन कचेरीत देऊन येऊ लागले. नाव त्यांचंच. मला ते काम जमत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा बरं जमत होतं.

पण रविवार उरायचा. म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांना समोर बसवून उत्तरं घोकून घेई. आडवे एक, आडवे चार, उभे दोन. पहिलीतल्या पोरासारखे ते म्हणत आणि दुसऱ्या दिवशी मित्रांपुढे निभावून नेत. एका रविवारी हेडमास्तरांनी कोड्याची फार तारीफ केली, इतक्यात इतकं चांगलं कोडं झालं नव्हतं म्हणाले. मी तिथेच उभी होते. मामंजींनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, 'हिच्याकडून रेघासुद्धा सरळ येत नाहीत. नशीब, डोकं अजून माझं आहे.'

त्या आठवड्यात शनिवारची घोकणी मी घेतली नाही. दुपारी ते आपणहून कागद मागायला आले. मी म्हटलं, या वेळचं सोपं आहे, तुम्हाला येतंय.

रविवारी हेडमास्तरांनी पहिलं उत्तर विचारलं. मामंजी म्हणाले, 'नाही.' ते बरोबर होतं. दुसरंही बरोबर होतं, त्यालाही 'नाही.' काहीच आठवत नाही म्हटल्यावर त्यांनी एकच शब्द धरून ठेवला होता. तिघांनी बरोबर उत्तरं खोडून चुकीची लिहिली, तीही खोडली. अंकाला भोकं पडली. बारा वाजून गेले. जाताना ते म्हणाले, आज अगदी कस लावलात. मी दारात उभं राहून सगळं पाहिलं. मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी उत्तरं छापून आली. तिघे आले ते बसले नाहीत. हेडमास्तरांनी नव्या कोड्यातलं पहिलंच शोधसूत्र वाचलं आणि म्हणाले, 'अहो, आज आम्ही सोडवत नाही. आपणच सांगा.'

मामंजींनी अंक हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही मागितलं ते तेवढंच. 'सूनबाई, सांग गं.'

मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, 'मी कशी सांगू, मामंजी? कोडं तुमचं आहे.'

हेडमास्तरांनी त्यांच्या हातातून अंक काढून घेतला, घडी घातली आणि आपण आता विश्रांती घ्यावी असं सांगितलं. पुन्हा ते तिघे आले नाहीत. मामंजी मात्र रविवारी धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसत आणि दाराकडे बघत राहत.

कोडं तर दर आठवड्याला येतच होतं, तेव्हा ते दुसरं कुणीतरी घालतं हे तिघांनी ओळखलं. कोण, हेही त्यांनीच ठरवलं. हेडमास्तरांनी माझ्या नवऱ्याला रस्त्यात गाठून पाठ थोपटली, म्हणाले, वडिलांच्या पुढे गेलास. त्यानं नाही म्हटलं नाही. घरी येऊन मला सांगताना हसत होता.

शेवटच्या वर्षी मामंजींना मी कोडं वाचून दाखवी. एकदा म्हणाले, 'छान आहे. कोण घालतं?'

'मी,' मी सांगितलं.

ते हसायला लागले. माझं नाव, त्यांच्या मुलाचं नाव, गेलेल्या बायकोचं नाव, सगळं विसरले होते. हे मात्र विसरले नव्हते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, 'तू रेघा मार.'

मी वरणभात कालवला आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. भात अजून कढत होता. मी फुंकर घातली नाही.