जबाबदार : गोलरक्षक

प्रूफकाकांसमोर छापील कागद ठेवायची चोरी होती. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो, दुकानाची पाटी असो की लेकीचं प्रगतिपुस्तक असो, खिशातून पेन्सिल निघालीच म्हणून समजा. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. एकही अनुस्वार त्यांच्या हातून सुटत नसे. मात्र वाचलेल्या मजकुरात काय लिहिलं होतं, हे त्यांना चुकूनही विचारू नये. एकदा त्यांनी पोटाच्या विकारांवरचं जाडजूड पुस्तक तीनदा तपासलं, आणि त्याच्या सातव्या प्रकरणातला विकार आपल्याला झालाय हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्यांच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की काका चष्मा डब्यात ठेवत, हातमोजे चढवत आणि छापखान्यामागच्या मैदानात गोलमध्ये जाऊन उभे राहत. वय सेहेचाळीस, पोट जरा पुढे, गुडघा कुरकुरणारा. पण त्या दोन खांबांमध्ये काका कुणीतरी असत. दिवसभर खोलीत शिरणारा माणूस त्यांच्या टेबलावर कागद टाकून त्यांच्याकडे न बघताच निघून जाई. गोलमध्ये निदान लोक त्यांच्याकडे बघून शिव्या तरी घालत. ती जागा काकांना जिवापाड प्यारी होती. बायकोलाही हे माहीत होतं, म्हणून गुडघ्याला तेल चोळताना ती तोंडानं कितीही बोलली, तरी हातमोजे मात्र स्वतः धुऊन वाळत घालायची.

आता संघाबद्दल. कामगार लीगमध्ये छापखान्याच्या संघाची एक ख्याती होती. त्यांनी आधी गोल केला तर ते वाघ. समोरच्यांनी आधी गोल केला, की सामना तिथंच संपला, उरलेला वेळ फक्त घाम गाळायचा. अकरा वर्षांत मागे पडल्यावर त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता, एकही बरोबरीत सोडवला नव्हता. दुसऱ्या संघांचे प्रशिक्षक आपल्या पोरांना डावपेच वगैरे शिकवत बसत नसत. ‘एक मारा आणि बाजूला व्हा, पुढचं ते आपसांत बघून घेतील,’ एवढंच सांगत.

आणि ते खरोखरच बघून घेत. त्याचं मूळ छापखान्यातच होतं. छापखान्याचा जुना दंडक असा, की छपाईत चूक सापडली की मशीन थांबवायचं. मग कंपोझिटर, मशीनमन, प्रूफवाला सगळे त्या कागदाभोवती उभे राहत, चूक कोणाची ते ठरे, लाल चिठ्ठीवर लिहिलं जाई आणि ज्याची चूक त्याची सही होई. त्यानंतरच मशीन पुन्हा सुरू. थोरल्या मालकांनी संघ काढला तेव्हा हाच दंडक मैदानावर नेला. गोल झाला की सगळे कडेला बाइंडरमास्तरांपाशी गोळा होत. बाइंडिंग खात्याचे हे मास्तर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. फुटबॉल त्यांना फारसा कळत नसे, पण कागद सरळ रेषेत लावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते फळीवर चिठ्ठी लावून उभे असत.

“तू मागं पास का दिलास?”

“तू पुढं होतास कुठं?”

“मी पुढंच होतो, तूच मला पाहिलं नाहीस!”

पंच शिट्टी वाजवून वाजवून दमत. एक म्हातारे पंच तर छापखान्याचा सामना असला की गोलनंतर पाणी पिण्यासाठी म्हणून घरून तांब्याच आणत. शेवटी ताकीद मिळे, मंडळी तावातावानं मैदानात परतत, पायात चेंडू आणि डोक्यात अर्धवट राहिलेलं भांडण. दोन मिनिटांत दुसरा गोल. मग त्याची चौकशी.

या चौकशीवर उपाय शोधला तो काकांनी. त्यांनी फळी मागून घेतली आणि सही ठोकली. “द्या इकडं. शेवटी चेंडू गेला माझ्याच हाताखालून. चूक माझी.” प्रुफाच्या बाबतीतही ते हेच म्हणत. चूक करो कुणीही, कागद शेवटी वाचलेला असे काकांनी. भांडण मिटलं, सगळ्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून ती रीतच पडली. गोल झाला की पाच मिनिटं वाद आणि शेवटी काकांची सही. वाद का घालायचा, तर वाद घातल्याशिवाय सही घेणं बरं दिसत नाही म्हणून. काकांना मनातून वाटे, आपण मोठ्या मनाचे आहोत.

मग धाकटे मालक आले. ते कुठून तरी व्यवस्थापन शिकून आले होते आणि येताना संगणक घेऊन आले होते. त्यांनी गेल्या तीन हंगामांच्या चिठ्ठ्या मागवल्या. एकशे एकोणतीस गोल, एकशे एकोणतीस सह्या, सह्या करणारा माणूस एक. धाकट्यांना गोल तक्ता काढून त्याचे रंगीबेरंगी तुकडे करायचे होते, पण त्याचा तुकडाच पडेना. आख्खं वर्तुळ निळं. त्यांनी काकांना बोलावलं.

“काका, आकडे बोलतात,” धाकटे म्हणाले.

काका आकड्यांकडे बघत राहिले.

“शनिवारी बर्फ कारखान्याशी शेवटचा सामना आहे. हरलो तर आपण खालच्या गटात जाणार, बरोबरी झाली तरी टिकणार. हरलो तर पुढच्या हंगामात गोलमध्ये डिस्पॅचचा कारकून उभा राहील. मनाला लावून घेऊ नका, हा निर्णय माझा नाही. कागदपत्रांचा आहे.”

‘अहो, त्यातले बहुतेक गोल माझे नव्हते,’ असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण एकशे एकोणतीस सह्या समोर होत्या आणि प्रत्येक सही अगदी वळणदार, सुवाच्य होती. त्यांनी तोंड मिटलं.

वर धाकट्यांनी आणखी एक सुधारणा केली. वाद घालण्यात वेळ जातो, म्हणून शनिवारपासून छापील चिठ्ठी. तिचं प्रूफ त्याच दुपारी काकांच्या टेबलावर आलं. काकांनी ते मान खाली घालून तपासलं, एक स्वल्पविराम काढला, एक काना वाढवला, ‘बरोबर, छापावे’ असा शेरा मारला आणि नमुना खिशात घालून घरी नेला. बायकोनं तो सदऱ्याच्या खिशातून काढला.

“अहो, हे वाचलंत का तुम्ही?”

“वाचलं की. एक काना राहिला होता.”

“काना गेला खड्ड्यात! खाली काय छापलंय बघा. ‘जबाबदार : गोलरक्षक’. नुसती सही करायची जागा मोकळी सोडलीय. ही तुमची फाशीची चिठ्ठी, आणि तुम्ही तिचे काना-मात्रा नीट करून दिलेत!”

काकांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखादा कागद त्यात काय म्हटलंय यासाठी वाचला.

शनिवारी बाराव्या मिनिटाला मशीनमननं घोटाळा केला. मशीनमन म्हणजे संघाचा बचावपटू, अंगानं दांडगा, मनानं हळवा. त्यानं मागे काकांकडे पास दिला तो इतका संथ, की बर्फ कारखान्याचा गडी मध्ये येऊन चेंडू घेऊन गेला आणि गोल करून, हात वर करून नाचूनही झाला. सगळे सवयीनं कडेला निघाले. मास्तरांनी फळी पुढे केली. “काका, सही.”

काकांनी हातमोजा काढला. त्या म्हाताऱ्या पंचांनी तांब्या तोंडाला लावेपर्यंत काकांनी पेन्सिल काढून ‘गोलरक्षक’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘मशीनमन’.

“काका!” मशीनमनला जणू कुणी मुस्काटात मारली. “माझं नाव?”

“पास तू दिलास.”

“पण सही तर नेहमी तुम्ही...”

“पास तू दिलास,” काका पुन्हा म्हणाले. “जा, खेळ आता.”

वाद घालायला काही उरलंच नव्हतं. मंडळी तोंडात मारल्यासारखी मैदानात परतली. पंचांना पाणी पिताच आलं नाही. मशीनमन रागानं लालबुंद झाला होता, आणि त्या रागात तो असा धावू लागला, जसं त्याला गेल्या अकरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

मध्यंतराआधी दुसरा गोल झाला, आणि तो मात्र निव्वळ काकांचा. साधा, सरपटत आलेला चेंडू त्यांच्या दोन हातांमधून निसटून मागे गेला. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते स्वतःच कडेला धावत गेले, चिठ्ठीवर ‘हा माझा’ असं लिहून सही केली आणि चेंडू मधोमध फेकला. सगळं मिळून दहा सेकंद. बर्फ कारखान्याचे खेळाडू नेहमीप्रमाणे सावकाश परतत होते, त्यातले दोघे तर बुटाची नाडी बांधत होते. समोर छापखान्याचे अकराच्या अकरा खेळाडू तयार उभे आहेत हे बघून ते चक्रावले.

मग जे झालं त्याला फुटबॉल म्हणावं की नाही याबद्दल जाणकारांत मतभेद होते. आता आपली चूक झाली तर आपलंच नाव लागणार, या धास्तीनं प्रत्येक जण चेंडूमागे पळत होता. साठाव्या मिनिटाला कंपोझिटरनं एक गोल परत केला. काका गोलमधून घसा फाटेपर्यंत ओरडत होते, “डावीकडे बघ! मागे नको देऊ!” शेवटच्या पाच मिनिटांत मशीनमननं अर्ध्या मैदानातून धावत येऊन डोक्यानं दुसरा मारला. दोन-दोन. शिट्टी झाली तेव्हा काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागे पडून बरोबरी करायची सवय नव्हती, म्हणून ते एकमेकांचे हात धरून नुसते उभे राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटे मालक फळी घेऊन आले. “अभिनंदन. पण कागद बिघडलाय. छापील शब्दावर रेघ मारलीय, आणि त्याखाली काकांची स्वतःच्या हस्ताक्षरातली कबुली आहे. आधीच्या सह्या निदान रिवाजाच्या होत्या. ही तर उघड कबुली. काका, सामना हरलो नाही हे खरं, पण एवढा लेखी पुरावा असताना मी तुम्हाला गोलमध्ये कसा ठेवू?”

काका मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत बसले. खरं बोललं की असं होतं, हे त्यांना आधीच कळायला हवं होतं असं त्यांना वाटलं. हे हातमोजे देऊन टाकावेत आणि घरी जावं.

“पहिला माझा होता,” मशीनमन म्हणाला. “काकांनी लिहिलंय ते बरोबर आहे.”

“तो एकच ना?” धाकटे म्हणाले.

“एक कसला? गेल्या हंगामात सूतगिरणीनं मारले त्यातले तीनही माझेच.”

“त्यातला एक माझा,” कंपोझिटर म्हणाला. “मी त्या दिवशी डुलकी काढत होतो.”

“आणि पावसातल्या सामन्यातले दोन माझे,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. मग जो तो आपापले गोल आठवून सांगू लागला, एकमेकांना दुरुस्त करू लागला, एक जण तर गोल आपला नसताना आपला म्हणून भांडू लागला. धाकट्यांनी पेन काढलं. ते लिहीत गेले, खोडत गेले, आणि सगळी बेरीज झाल्यावर एकशे एकोणतीसपैकी काकांच्या नावावर चौदा उरले. बाकी प्रत्येकाचे पंधराच्या घरात पोचत होते, आणि बेरीज एकशे एकोणतीसच्या बरीच वर गेली होती. आकड्यांचंच ऐकायचं म्हटलं तर काका सोडून दहाही जणांना काढावं लागणार होतं. धाकट्यांनी वहीकडे पाहिलं, दहा जणांकडे पाहिलं, मग वही मिटली. “काका गोलमध्ये राहतील. सोमवारी पाच वाजता सराव,” असं म्हणून ते निघून गेले.

खोली हळूहळू रिकामी झाली. काका बाकावर तसेच बसून होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळ्याच कारणानं. इतकी वर्षं त्यांनी या सगळ्यांच्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या आणि आपण त्यांच्यावर उपकार करतोय असं समजत होते.

मशीनमन त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्यानं बुटातली माती झटकली.

“काका, माझा मागचा पास हळू येतो, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

“मग एकदा तरी सांगायचं होतंत.”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं रे.”

“वाटलं असतं ना वाईट,” मशीनमन म्हणाला. “पण पास सुधारला असता.”