बिसाहीनचा नारळ

बिसाहीनच्या आणि माझ्या घरात एकच मातीची भिंत आहे. तिनं तिकडे तांदूळ धुतले तर इकडे मला कळतं आज किती माणसं जेवायला आहेत. तेव्हा मी सांगते ते ऐकीव असलं तरी भिंतीला कान लावून ऐकलेलं आहे.

तिच्या आधीची दोन भावंडं जन्मताच गेली. म्हणून ही झाली तेव्हा आईनं तिला सुईणीला मूठभर कोंड्याला विकलं आणि लगेच विकत घेतलं. मरण फसावं, परक्याची पोर समजून पुढच्या दाराला जावं, म्हणून. असं विकत घेतलेल्या पोरीला बिसाहीन म्हणतात. आमच्या शिवनाथ नदीच्या काठावर या नावाच्या बाया गावोगाव सापडतील. पण विकलं जायची सवय लागली ती हिलाच.

लग्न होऊन आली तेव्हा समोरच्या पक्क्या घरात रमशीलाही नवीच आली होती. दोघींची ओळख जेमतेम महिन्याची. राखीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या टोपल्यांत रुजवलेले गव्हाचे पिवळे अंकुर, म्हणजे भोजली, डोक्यावर घेऊन तलावावर शिरवायला, पाण्यात सोडायला गेलो. रमशीलानं टोपलीतली जुडी उपटली आणि सगळ्यांदेखत बिसाहीनच्या कानावर खोचली. आता हिनं उलट तिच्या कानावर खोचली की झाल्या दोघी जन्माच्या भोजली. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, चुकून घेतलं तर दंडाचा नारळ. एकीनं मागितलं तर दुसरीनं नाही म्हणायचं नाही.

बिसाहीन पाण्यात घोट्यापर्यंत उभी. हात वर येईना. मी मागून तिच्या खांद्याला ढोसलं. "अगं खोच की. पक्क्या घरची मैत्रीण फुकट मिळतेय, आणि ही बघा, वांगी निवडल्यासारखी उभी आहे."

बाया खदखदल्या. बिसाहीन लाजली आणि तिनं जुडी खोचली.

त्या दिवसापासून रमशीलाच्या घरचं भात कांडणं, वड्या घालणं, सासूचे पाय चेपणं, सगळं हिच्याकडे आलं. मागायची रमशीलाची रीत ठरलेली. आधी वाटीभर ठेठरी, बेसनाची तळलेली, घेऊन यायचं. मग उंबऱ्यावर बसून उसासा टाकायचा. मग, "तुझ्याशिवाय मला आहे कोण, भोजली?" तेवढ्यानं भागलं नाही तर पदर डोळ्याला. डोळा कोरडा, पदर तेवढा ओला. मला तर वाटतं घरूनच भिजवून आणायची. बिसाहीन कधी दुसऱ्या कुणाशी चार शब्द जास्त बोलली की ही आठ दिवस अबोला धरायची. बिचारी बिसाहीन स्वतःचा काय गुन्हा झाला ते शोधत फिरायची आणि शेवटी न सापडलेल्या गुन्ह्याची माफी मागायची. आणि चारचौघीत रमशीला हसून म्हणायची, "आमची भोजली मनानं चांगली हो. डोक्यानं थोडी कमी."

हे सगळं मी बघत होते. बघून काय केलं? नक्कल केली. माझी रमशीलाची नक्कल गल्लीभर प्रसिद्ध आहे. उसासा, पदर, मान तिरकी, सगळं हुबेहूब. बाया पोट धरून हसायच्या. बिसाहीन असली की मी वर आणखी टाकायचे, "तुला आईनं कोंड्याला घेतलं, रमशीलानं ठेठरीला. भाव वाढला गं तुझा." बिसाहीनही हसायची. मला वाटायचं तिला गंमत कळते.

यंदा तिच्या पोरीला, दिलेश्वरीला, रायपूरला नर्सिंगला जागा मिळाली. त्या सकाळी बिसाहीन भिंतीवरून वाकून मला म्हणाली, "दीदी, तुम्हालाच सांगते. सोमवारी पोर हॉस्टेलात पोचेपर्यंत तोंडातून काढू नका. भोजलीला कळलं तर ती पोरीला थांबवेल. तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत."

"माझं तोंड म्हणजे विहीर," मी म्हणाले.

चार दिवसांनी राखीच्या ठेठऱ्या तळायला आम्ही रमशीलाच्या अंगणात जमलो. रमशीला ऐटीत म्हणाली, "बाळंतपणाची मला काळजी नाही. आमची दिलेश्वरी आहे ना. सहाव्या दिवसाच्या छठीपर्यंतच काय, सहा महिने इथंच राहील."

माझ्या जिभेला खाज सुटली. "तुझी सून कळा देईल तेव्हा दिलेश्वरी रायपुरात सुया टोचायला शिकत असेल. बघ, इथूनच टोचली की नाही तुला?"

सगळ्या हसल्या. रमशीलाही हसली. झाऱ्यानं शांतपणे ठेठऱ्या उलटवत राहिली.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे वाटी ठेवल्याचा आवाज, उसासा आणि ओला पदर. "पोटच्या पोरीसारखी मानली तिला, भोजली. मला परक्यांकडून कळावं?" रमशीला गेल्यावर बिसाहीनचा नवरा संतराम, राइस मिलमध्ये हमाली करणारा, चार दिवसांत एक वाक्य बोलणारा माणूस, तोही म्हणाला, "भोजलीचा शब्द कसा मोडायचा? पुढच्या वर्षी जाईल पोर."

"पुढच्या वर्षी जागा राहत नाही, बाबा," दिलेश्वरी म्हणाली. मग तिचं रडणं. बिसाहीनचा आवाज मात्र आला नाही. मी भिंतीशी बसून होते. उठून पलीकडे जावं, माझ्याच तोंडून गेलं म्हणून सांगावं, इतकंच करायचं होतं. मी चूल पेटवली आणि उगाच भांडी वाजवली.

राखीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तलाव, पुन्हा टोपल्या. बिसाहीनच्या टोपलीत अंकुरांच्या मधोमध एक नारळ होता. मला वाटलं नवस असेल.

भोजली शिरवून झाल्यावर रमशीलानं जुडी तिच्या कानावर खोचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिलेश्वरी उद्यापासून माझ्याकडे झोपायला येईल. माझ्या भोजलीनं मला कधी नाही म्हटलं नाही."

बिसाहीननं टोपलीतून नारळ काढून तिच्या हातात ठेवला.

"रमशीला," ती म्हणाली, "पोर सोमवारी रायपूरला जाणार."

रमशीलानं आधी नारळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. हा दंड. पुन्हा नाव घ्यायला लावलंस तर घरी आणखी एक सोलून ठेवलाय." तिनं टोपली कमरेवर घेतली. "तुझ्या सुनेला कळा आल्या की मला हाक मार, मी येईन. भोजली म्हणून येईन. पोर मागू नकोस."

रमशीलाचा पदर डोळ्याकडे निघाला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत, दीदी? गंमत करतेय ना ही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी, सवयीनं, म्हणाले, "नारळात पाणी आहे का ते आधी हलवून बघ गं."

कुणी हसलं नाही. एक पोरसुद्धा नाही.

नारळ फोडला, रीतीप्रमाणे सगळ्यांना वाटला. माझ्या वाट्याचा तुकडा मी घरापर्यंत मुठीतच आणला. बिसाहीन पुढं चालत होती. तिला गाठून मी म्हणाले, "बिसाहीन, त्या दिवशी माझ्या तोंडून निसटलं गं."

"माहीत आहे, दीदी."

"रागावलीस?"

ती थांबली. "त्याचं नाही. मला भोजली कळायला पंचवीस वर्षं लागली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे तुमच्या भांड्यांचा आवाज ऐकत बसले होते, तेव्हा मनात आलं, दीदी तिची नक्कल इतकी बरोबर करतात. म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं दिसत होतं." तिनं रिकामी टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली. "मला सरळ कधी म्हणाला नाहीत."

मुठीतला तुकडा मी या हातातून त्या हातात घेतला.

दर वर्षी मोठी म्हणून ती माझ्या कानावरही भोजली खोचायची आणि पाया पडायची. यंदा नुसती पाया पडली.

सोमवारच्या बसनं दिलेश्वरी गेली. संतरामनं ट्रंक टपावर चढवली आणि बस वळेपर्यंत तिथंच उभा राहिला. रमशीलाची सून बाळंत झाली तेव्हा बिसाहीन दोन रात्री तिकडे होती, तिसऱ्या सकाळी घरी आली. आता वाटी घेऊन कुणी आलं तर ती वाटी लगेच रिकामी करून, धुऊन, हातात परत देते. नक्कल करा म्हणून बाया मला अजून आग्रह करतात. गुडघे दुखतात असं सांगून मी टाळते. नकलेला गुडघे कशाला लागतात, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

दिलेश्वरीचा फोन रविवारी दुपारी येतो. घंटी मला भिंतीतून ऐकू येते. मग बिसाहीनच्या चपलांचा आवाज. बोलायला ती परसाच्या पार टोकाला, चिंचेखाली जाते.