दुसरी नळी

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करायला मला सरकारी शिष्यवृत्ती होती. सावली तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात मी रक्ताचे नमुने घेत बसले होते. माणशी दोन नळ्या. एक तपासणीची, तिचा निकाल त्यांना मिळणार. दुसरी माझ्या प्रबंधासाठी. संमतीच्या कागदावर सगळं छापलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त.

आमच्याकडे सरकारी कागद दिसला की माणसं आधी अंगठा लावतात, मग कशाचा होता ते विचारतात. रेशन, घरकुल, पीकविमा, सवयच झालीय. मी वाचून दाखवायच्या आत अंगठे उमटत होते आणि मी खूश! काम भराभर उरकत होतं ना.

गावातल्या आशा कार्यकर्तीनं घरोघरी फिरून ही माणसं जमवली होती. पाचव्या माणसाच्या वेळी तिनं मला अडवलं.

"म्याडम, दोन नळ्या काऊन? मी तं एकच सांगतली."

"कागदावर आहे की."

"कागद वाचला कोनं? तुमी उद्या चालल्या जाल. मले इथीच राहाचं हाये. मायावर कोन भरोसा ठेवन?"

मी चिडले. नमुने कमी पडले तर माझं वर्ष वाया जाणार होतं. पण ज्यांच्या साबण-माचिसवरच्या करातून माझी शिष्यवृत्ती येत होती, त्यांनाच मी विचारलं नव्हतं.

ती स्वतःच नमुना देणाऱ्याच्या खुर्चीत येऊन बसली. "पहिले मले इचारा. मोठ्यानं."

मी कागद वाचला, सोप्या शब्दांत सांगितला. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तपासनीची घ्या. दुसरी मी नाई देत."

रांगेत चुळबुळ झाली. सरकारी माणसाला नाही म्हणता येतं, हे तिथे बहुतेक पहिल्यांदाच कुणी करून दाखवलं होतं. आधीच्या चौघांना मी परत बोलावून विचारलं. दोघांनी नकार दिला. त्यांच्या दुसऱ्या नळ्या मी त्यांच्यासमोर नष्ट केल्या. जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग एक म्हातारेबुवा पुढे आले. "दुसऱ्या नळीतून आमाले का भेटन?"

"तुम्हाला काहीच नाही, बाबा. झालाच तर पुढं कुणाला तरी उपयोग होईल. तोही नक्की नाही."

"मंग तसं सांगाचं ना, पोरी," म्हणत त्यांनी बाही वर सारली. "घे."

मला रडू आलं. आजवर मी फक्त रक्त घेत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी ते दिलं.